तेहेतीस अंश

१

तुम्हाला माहीत होतं, बिल्डरसाहेब. पाया खणताना माहीत होतं, फ्लॅट विकताना माहीत होतं, आणि सगळ्या आवारात पेव्हर ब्लॉक बसवून तेवढाच एक चौकोन मातीचा सोडलात तेव्हा तर नक्कीच माहीत होतं. 'विचारलं असतंत तर सांगितलं असतं' असं आता म्हणू नका. मी विचारलं होतं, लेखी विचारलं होतं. 'तांत्रिक कारणास्तव मोकळी जागा' एवढं एका ओळीचं उत्तर आलं, खाली सही नव्हती.

बारा फूट लांब, आठ फूट रुंद. आमच्या तळमजल्याच्या स्वयंपाकघराच्या खिडकीसमोर, पार्किंगच्या मागे. तिथे गवतही उगवत नसे. पनवेलच्या खाडीकडच्या या टोकाला दहा वर्षांपूर्वी मिठागरं होती आणि तो चौकोन त्यातल्या एका कोंडीचा, म्हणजे मीठ पिकवायच्या वाफ्याचा, कोपरा होता, हे मला चंद्रावतीबाईंमुळे कळलं. दर अमावास्येला सकाळी नऊच्या सुमारास त्या गव्हाण गावाहून रिक्षा बदलत यायच्या. सत्तरीच्या, नाकात मोरणी, हातात जाड्या मिठाची पिशवी. चौकोनाच्या कडेला उभं राहून सगळं मीठ आत फेकायचं, पिशवी झटकायची आणि जायचं. हात जोडणं नाही, फूल नाही, उदबत्ती नाही.

मी एम.एस्सी. प्राणिशास्त्र. मला हे सहन होईना. सोसायटीच्या सभेत मी ठराव मांडला: या जागेत ओल्या कचऱ्याचा खतखड्डा करायचा आणि मिठाची अंधश्रद्धा बंद करायची. खारावलेल्या जमिनीत काय उगवणार? सेक्रेटरी हरेशकाका म्हणाले, "रुचिरा, वास आला तर तुझ्याच खिडकीत येईल हो." मी म्हटलं, येऊ दे.

जानेवारीच्या अमावास्येला चंद्रावतीबाईंना गेटवर अडवलं. मीच अडवलं; वॉचमन जगन नुसता मान खाली घालून उभा होता.

"मीठ टाकू नाय देत?" त्यांनी विचारलं.

"आजी, इथे आता खत होणार आहे. मिठाने जिवाणू मरतात."

त्यांनी माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "शिकलेली हायस ना तू?"

"हो."

"मंग बरा हाय," त्या म्हणाल्या आणि पिशवी तशीच घेऊन परत गेल्या.

२

माझं काम घरूनच चालतं. ठाण्यातली एक छोटी कंपनी गेम बनवते, मी त्यांच्यासाठी प्राणी लिहिते. 'आठखार' नावाचं जग आहे, तिथे ड्रॅगन आहेत, आणि ते कसे जगतात, काय खातात, माणसं त्यांच्यासोबत कशी राहतात, हा सगळा कोश माझा. ड्रॅगन हा शब्द मी पहिल्याच दिवशी काढून टाकला. व्याळ म्हटलं. आग ओकणंही काढलं. आग ओकणारा प्राणी स्वतःच्या घशाचं काय करतो, हे मला एकानेही कधी सांगितलेलं नाही.

माझा व्याळ थंड रक्ताचा. मिठाच्या थराखाली चिखलात वर्षानुवर्षं निपचित पडतो. पंख उडण्यासाठी नसतात, अंगातली उष्णता टाकायला असतात. अंडी घालून मादी खाली निघून जाते, ती परत येत नाही. अंडी कुजणाऱ्या पाल्याच्या उबेवर वाढतात, सुसरींसारखी. ऊब नेमकी हवी. तेहेतीस अंशांवर सगळ्या माद्या होतात. एक अंश वर गेला की पिल्लं कवचातच मरतात. म्हणून व्याळाला राखण्या लागतो: ढीग उकरणारा, झाकणारा, ऊब सांभाळणारा एक माणूस. नव्वद दिवस.

राखण्याची लक्षणंही मी लिहिली होती. त्याला मीठ सोसत नाही. त्याच्या तळहाताला अंशाचा फरक कळतो. शेवटच्या दहा दिवसांत पिल्लं कवचातून एकमेकांना हाका मारतात, आणि तो त्यांना झोपेत ओ देतो.

कंपनीतला माझा वरिष्ठ शार्दूल म्हणाला, "मस्त आहे, पण फार गोड होतंय गं. राखण्याचं पुढे काय होतं?"

"काही नाही. पिल्लं बाहेर येतात."

"आणि मग खातात काय?"

मला त्याचा रागच आला, कारण प्रश्न बरोबर होता. मी एक ओळ वाढवली: पहिला घास राखण्याचा.

ही ओळ नोव्हेंबरातली आहे. फाईलवर तारीख आहे, मी ती नंतर चार वेळा पाहिली. खड्डा जानेवारीतला. म्हणजे मी आधी लिहिलं. पण लिहिताना दोन वर्षं मी त्याच खिडकीत बसत होते, त्याच चौकोनाकडे बघत. मला सुचलं, असं मी समजत होते.

३

खड्ड्याने बाबांना उभं केलं, हे मान्य करायलाच हवं. आई डिसेंबरपासून पुण्याला, दादाच्या मुलीला सांभाळायला. बाबा निवृत्त होऊन वर्ष झालेलं. दुपारपर्यंत पायजम्यात, टीव्हीचा आवाज बंद आणि चित्र चालू. मी त्यांना दाताळं दिलं, लांब दांड्याचा थर्मामीटर दिला आणि वही दिली. विनायक पाटणकर, आयुष्यभर पाटबंधारे खात्यात पाण्याच्या पातळ्या नोंदवलेला माणूस. पुन्हा नोंदवायला काहीतरी मिळालं.

रोज सकाळी सात वाजता ते खिडकीखालून आकडा ओरडायचे आणि वहीत लिहायचे; मी आतून चहा ढवळत ऐकायचे.

"बासष्ट!"

"अठ्ठावन्न!"

खत तापतं, मग निवतं. पुस्तकात तसंच आहे. बारा फेब्रुवारीला ते म्हणाले, "तेहेतीस." तेराला तेहेतीस. महिनाभर तेहेतीस. नवा कचरा घातला की ढीग पुन्हा तापायला हवा, तो तापला नाही. एप्रिलमध्ये पनवेलची हवा अडतीसवर गेली. बाबा सावलीत घामाने निथळत होते आणि ढीग हवेपेक्षा गार होता.

"थर्मामीटर बिघडलाय," मी म्हटलं. नवीन आणला. तेहेतीस.

"स्थिर झालंय," बाबा म्हणाले. "चांगलं असतं."

मला तेव्हा दुसऱ्याच गोष्टीची घाई होती. आमचा खड्डा बघायला आसपासच्या सोसायट्या येऊ लागल्या होत्या आणि मला वर्षभरात अख्खं नवीन पनवेल बदलायचं होतं. नवा खड्डा लवकर लागावा म्हणून जुन्या खतातली एक बादली त्यात घालतात, दुधाला विरजण लावतात तशी. मार्चमध्ये आम्ही चौदा सोसायट्यांना बादल्या दिल्या. भरण्याचं काम बाबांचं. प्रत्येक बादलीच्या तळाशी ते ढिगातल्या गुठळ्या ठेवायचे, नदीतल्या गोट्यांएवढ्या, मातकट. मी एक फोडायला घेतली तर त्यांनी माझं मनगट धरलं. फार घट्ट धरलं.

"फोडू नको. सगळा जीव त्यातच असतो."

मी हसले. कार्यकर्तीला वडिलांनी शास्त्र शिकवावं, याचं कौतुक वाटलं मला.

४

मीठ आधी भाजीतून गेलं. "कमी घाल गं, डॉक्टरांनी सांगितलंय." खरंच सांगितलं होतं. मग आमटीतून गेलं. मग एका दुपारी मी विसरून लोणचं वाढलं. त्यांनी फोड तोंडात घातली आणि ताटात थुंकली. तोंड नळाखाली धरून पाच मिनिटं चुळा भरत राहिले. ओठांवर फोड आला होता.

"ॲलर्जी असेल," मी आईला फोनवर म्हटलं.

"लोणच्याची? त्या माणसाला? आमच्या लग्नात अर्धी बरणी संपवली होती त्यांनी," आई म्हणाली. "त्यांना इकडे पाठव बाई. सांग, खत थांबेल, नात थांबायची नाही."

बाबा जायला तयार नव्हते. मी कारण विचारलं की हसायचे. एप्रिलच्या शेवटी हसणंही गेलं. थर्मामीटर ते आता ढिगात घालतच नव्हते. ढिगावर तळहात ठेवायचे, डोळे मिटायचे, आणि म्हणायचे, "तेहेतीस." मी मागाहून तपासायचे. बरोबर असायचं.

मला कोश आठवला नाही, असं म्हणणं खोटं होईल. आठवला. मी स्वतःला समजावलं की मीच बाबांना बघून बघून राखण्या लिहिला असणार. मग फाईलची तारीख पाहिली. मग पुन्हा समजावलं: ते माझा कोश वाचत असतील, म्हातारपणी लहर. त्यांच्याकडे माझ्या लॅपटॉपचा पासवर्ड नव्हता.

पंचांग लागत नाही, साधी बेरीज पुरते. बारा फेब्रुवारीपासून नव्वद दिवस म्हणजे तेरा मे.

५

तीन मे, दुपारचे तीन. बाबा आतल्या खोलीत फरशीवर झोपले होते. पलंग त्यांनी सोडून आठवडा झाला होता. सगळी सोसायटी दारं लावून पडलेली. मी चप्पल न घालता मागच्या दाराने बाहेर गेले. पेव्हर ब्लॉक भाजत होते. ढिगाच्या कडेला पाय ठेवला आणि भाजणं थांबलं.

वास नव्हता. तीन महिने कुजणाऱ्या कचऱ्याला वास नाही, हे मला तेव्हाच पहिल्यांदा जाणवलं. माशी नव्हती. चौदा सोसायट्यांना मी शिकवलं होतं की खतात गांडुळं दिसली पाहिजेत. आमच्या ढिगात एकही नव्हतं.

मी हाताने वरचा पाला बाजूला केला. वीतभर खाली काळी माती, ऊबदार, ताप आलेल्या मुलाच्या पोटासारखी. अजून थोडी उकरली. तेव्हा आवाज आला. जीभ टाळूला लावून सोडावी तसा. टक. मी थांबले, तोही थांबला. मी श्वास सोडला. टक, टक. एका जागेवरून नाही, सगळ्या ढिगातून.

नळाचं पाणी असेल. किडे असतील. कुजताना हवेचे बुडबुडे फुटतात. मी मनात ही यादी म्हणत असताना माझी बोटं एका गोलाईवर पोचली. मी माती फुंकली. फिकट, दमट, चामड्यासारखं काहीतरी, बशीएवढंच दिसत होतं. त्यावर ऊन पडलं. आणि आत, त्या कातडीच्या पलीकडे, काहीतरी वळलं. झोपेतलं माणूस उजेडाकडे वळतं तितक्याच सावकाश, माझ्या हाताच्या दिशेने.

मी माती लोटली. माझ्यामागे, आमच्या खिडकीतून, आवाज आला. टक.

मी आत गेले. बाबा फरशीवर उताणे, डोळे मिटलेले, तोंड उघडं. घशाची घाटी हलत होती. टक, टक. बाहेरून उत्तर येत होतं.

६

"बाबा, आपण उद्याच पुण्याला जातोय."

"तू जा."

"तुम्ही आजारी आहात."

"मी आजारी होतो," ते म्हणाले. "वर्षभर त्या खुर्चीत कुजत होतो. तेव्हा तुला वेळ नव्हता. तेव्हा तुला जग सुधारायचं होतं."

मी दाताळं उचललं. म्हटलं, मी आत्ता ढीग उपसते. त्यांनी ते माझ्या हातातून हिसकावलं आणि दांडा माझ्या खांद्यावर मारला. माझ्यावर आयुष्यात कधी आवाज न चढवलेल्या माणसाने. मी खाली बसले. ते माझ्याकडे बघत होते. डोळ्यांत राग नव्हता, हेच वाईट होतं. कोंबडी खुराड्याच्या दारातून बघते तसे बघत होते.

सोसायटीच्या ग्रुपवर मी लिहिलं की खड्डा तातडीने बुजवायला हवा. हरेशकाकांनी उत्तर दिलं: 'ठराव तुमचाच होता.' खाली अकरा अंगठे आले.

मग मला जे जानेवारीत सुचायला हवं होतं ते सुचलं. मीठ म्हणजे कुजू न देणं. लोणचं घालणाऱ्या कुठल्याही बाईला हे कळतं. कुजलं नाही की ऊब नाही. त्या बाई पूजा करत नव्हत्या. त्या तिथे थंडी राखत होत्या.

७

गव्हाणला चंद्रावतीबाईंचं तीन मजली घर आहे, खाली मुलाचं हार्डवेअरचं दुकान. त्या ओट्यावर सुकट निवडत बसल्या होत्या. मी सगळं सांगितलं. त्यांनी हातातलं काम थांबवलं नाही.

"अंधश्रद्धा हाय ना ती?"

"आजी, चुकलं माझं."

"चुकला बोलतं. माज्या सासूनं टाकला, तिच्या सासूनं टाकला. आमची जमीन गेली, आमी रडलो नाय. येवराच बोललो, तो कोपरा सोरा आनि मना येऊ द्या. लोका हसली, पन येऊ दिला. आनि तू? चार बुका वाचलीस नि गेटवर हुबी रायलीस, पोलिसासारखी."

"खाली काय आहे?"

"मना काय ठाव? आमी कदी उकरून नाय बगितला." त्यांनी सुपातली एक काडी उचलून फेकली. "उकरनारं तुमीच."

मी रडले नाही. फक्त म्हटलं, "माझे वडील आहेत तिथे."

त्यांनी सूप खाली ठेवलं. मग दुकानाकडे तोंड करून ओरडल्या, "परेश! टेम्पो कार. मागचं मीठ चरव, सगला."

त्यांच्या मुलाने, परेशने, टेम्पो काढून मिठाच्या गोणी चढवल्या; विचारलं नाही कुठे. यावरूनच कळलं की त्या घरात सगळ्यांना माहीत होतं.

८

नऊ मे, सकाळी अकरा. बाबा आंघोळीला गेल्यावर मी घराच्या पुढच्या-मागच्या दोन्ही दारांना बाहेरून कड्या घातल्या. टेम्पो मागे लावला. परेश आणि जगन गोणी फाडत होते, चंद्रावतीबाई कडेला उभ्या राहून सांगत होत्या, "हितं. आजून. कोपरं सोरू नको."

पहिली गोणी पडली तेव्हा काही झालं नाही. तिसरीला टकटक सुरू झाली. पाचवीला ती इतकी वाढली की जगनने कानांवर हात ठेवले. भाजताना चणे उडावेत तशी, पण त्या प्रत्येक आवाजात काहीतरी मागणं होतं. मिठाचा पांढरा थर जागोजागी उचलला जात होता आणि बसत होता.

आणि बाबा खिडकीत आले. ओलेच, टॉवेलवर. गज धरून ओरडू लागले. शब्द नव्हते. वरच्या मजल्यांवर बाल्कन्या भरल्या. तिसऱ्या मजल्यावरून कुणीतरी म्हणालं, "बापाला कोंडलंय बघा कार्टीने." एक जण मोबाईल धरून उभा होता. मी थर्मामीटर खुपसला. तेहेतीस. बत्तीस. एकतीस.

अठ्ठावीसला टकटक थांबली. शेवटची एक राहिली होती, आमच्या खिडकीखालच्या कोपऱ्यात. ती बराच वेळ एकटीच चालली. बाबांनी तिला एकदा उत्तर दिलं, अगदी हळू. मग तीही थांबली.

चंद्रावतीबाईंनी पिशवी झटकली. "दर आमोशेला," त्या मला म्हणाल्या. "आता तू टाकशील." टेम्पोत बसल्या आणि मागे वळून न पाहता गेल्या.

९

संध्याकाळी मी दार उघडलं तेव्हा बाबांनी कपडे घातले होते, भांग पाडला होता. मला म्हणाले, "दमलीस." ही तीन महिन्यांतली पहिली माणसासारखी गोष्ट होती. मी वरण-भात लावला. पुण्याच्या गाडीचं सकाळी दहाचं तिकीट काढलं. आईला फोन केला, ती रडली.

जेवताना बाबांनी मिठाची बरणी स्वतः पुढे ओढली. चिमूटभर घेतलं, माझ्याकडे बघत बघत भातावर टाकलं, कालवलं, आणि घास घेतला. चावला. गिळला. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण नजर माझ्यावरून हलवली नाही.

"झालं समाधान?" त्यांनी विचारलं.

"झालं," मी म्हटलं. खरंच झालं होतं. मी त्या रात्री तीन महिन्यांनी गाढ झोपले.

सकाळी सात वाजता जाग आली ती सवयीने. खिडकीखालून आकड्याची हाक आली नाही. बरं वाटलं. चहा टाकला, दोन कप काढले. आतल्या खोलीत गेले. बॅग भरलेली, कुलूप लावलेली, पलंगाशेजारी उभी होती. फरशीवर एक ओला डाग होता, आणि त्यात रात्रीचा भात, सगळा.

भिंतीवरच्या खिळ्याला थर्मामीटर नव्हता.

मी अनवाणी गेटपर्यंत धावले. जगन खुर्चीत बसून बिस्कीट चहात बुडवत होता.

"काका ना? ते सहालाच गेले, ताई," तो म्हणाला. "मी बोललो, काका, आता कुठे निघाले, आपला खड्डा तर मेला. तर हसले. बोलले, अजून चौदा आहेत ना, सगळीकडे तेहेतीसच लागतंय."